शालनकाकूंचे सहा सेकंद

शालनकाकू माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. आधी पोटऱ्यांकडे बघत, मग पायातल्या चपलांकडे, आणि वेळ उरला तर तोंडाकडे. २००५ च्या ऑक्टोबरात त्या पहिल्यांदा अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आल्या, तेव्हा मी त्यांच्या मुलाच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होते. अविनाशदादा त्यांना विमानतळावरून घेऊन आला आणि मी शहाण्या मुलीसारखी पाया पडायला पुढे झाले. डोक्यावर हात ठेवायचा सोडून काकूच खाली वाकल्या, माझी पोटरी चाचपली आणि म्हणाल्या, "पोरी, तू चालतेस तरी का गं कधी?"

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि सायकलपटूंच्या पायांवर पीएच.डी. करत होते, त्यामुळे हे अगदी वर्मी लागलं. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, की काकू, माझा विषयच पाय आहे. सायकलवाला जीव खाऊन सुटतो तेव्हा पायडल मिनिटाला किती वेळा फिरतं आणि त्या ठेक्याप्रमाणे पायातले स्नायू कसे वागतात, ते मी मोजते. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, की तू स्वतः सायकल किती चालवतेस. मी म्हटलं, मी लॅबला गाडीनं जाते. त्यावर त्यांनी अविनाशदादाकडे बघितलं. भाडेकरू ठेवताना त्यानं नीट चौकशी केली नव्हती, असं त्या बघण्यात स्पष्ट होतं.

काकूंनी कराडच्या बाजूला अठ्ठावीस वर्षं आरोग्यसेविकेची नोकरी केली होती. लोक त्यांना नर्सबाई म्हणत. लसीकरणाच्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, बर्फ भरलेला लसीचा डबा खांद्याला अडकवायचा आणि सायकलनं वाड्यावस्त्या गाठायच्या. डब्यातला बर्फ विरघळायच्या आत शेवटच्या पोराला सुई टोचली गेली पाहिजे, नाहीतर लस फुकट. म्हणजे एका अर्थी काकू अठ्ठावीस वर्षं स्प्रिंटच मारत होत्या, फक्त पलीकडे टाळ्या वाजवायला कुणी नसायचं, उलट पोरं त्यांना बघून भोकाड पसरायची. "मला काही सायकलीची हौस नव्हती," त्या सांगायच्या. "माझ्या मागं बर्फ लागलेला असायचा."

सायकलीविषयी त्यांची मतं ठाम होती. चढाला पाय कसाही चालतो, पण उताराला पायडल भराभर फिरवायचं तर पायाला वळण लागतं, असं त्या म्हणत. बाकीचे लोक उताराला नुसते बसून राहतात. काकूंना ते परवडत नसे, त्या उतारालाही पायडल मारत. "एक पाय खाली गेला, की दुसऱ्यानं गुमान वर यायचं. तो खालीच दाबत राहिला तर तुमचं तुमच्याशीच भांडण. पुढं जायचं कधी?" हे वाक्य मी पहिल्या महिन्यात किमान दहा वेळा ऐकलं. दहाही वेळा मान डोलावली आणि एकदाही त्याचा विचार केला नाही.

वेस्ट विंडसरमध्ये काकूंची पंचाईत झाली. तिथे फुटपाथ आहेत, पण ते शोभेला. अविनाशदादा सकाळी गाडीनं प्रिन्स्टन जंक्शनला जाई, तिथून ट्रेननं मॅनहॅटनला, वहिनी तिच्या ऑफिसला, आठ वर्षांची ईशा पिवळ्या बसनं शाळेत. काकू खिडकीत बसून पळायला निघालेल्या लोकांच्या पोटऱ्या तपासत. समोरच्या घरातले गृहस्थ डावा पाय चोरतात, कोपऱ्यावरच्या बाईंचे पाय एक नंबर आहेत पण बूट चुकीचे आहेत, असा सगळा अहवाल संध्याकाळी चहाबरोबर मिळायचा.

एकदा दुपारी त्यांनी गॅरेजमधून ईशाची गुलाबी सायकल बाहेर काढली. हँडलला झिरमिळ्या, पुढे बास्केट, आणि त्यावर साडी, स्वेटर आणि कानटोपी घातलेल्या बासष्ट वर्षांच्या काकू. त्यांनी कॉलनीला चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला एका शेजाऱ्यानं काळजीनं अविनाशदादाच्या ऑफिसात फोन केला. संध्याकाळी दादा म्हणाला, "आई, हेल्मेट नाही, इन्शुरन्स नाही, तू पडलीस तर केवढा मोठा लायबिलिटी इश्यू होईल, माहितीये?" काकू म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं सरकारची लस वाहिली, तेव्हा कुणी इश्यू काढला नाही." ईशाला आजीचा फार अभिमान वाटला. "शी वॉज सो फास्ट, बाबा," ती म्हणाली. दादानं सायकलीला कुलूप घातलं आणि दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

शेवटी वहिनीनं मला सांगितलं, की यांना तुझ्या लॅबमध्ये घेऊन जात जा, निदान तिथे सायकली तरी आहेत. मी माझ्या गाईडला, लिंडाला, विचारलं. लिंडा पन्नाशीची, उंच, स्वतः जुनी सायकलपटू, आणि नियमांची पक्की. ती म्हणाली, खुर्चीत बसणार असतील तर येऊ देत, यंत्राला हात लावायचा नाही.

हे यंत्र म्हणजे जमिनीला बोल्टनं जखडलेली सायकल. चाकांऐवजी मोटर. ठेका मोटर ठरवायची: मिनिटाला साठ फेरे, नव्वद, एकशे वीस, दीडशे. आलेल्या माणसानं सहा सेकंद जीव तोडून पायडल दाबायचं, बस. त्याच्या मांडीला आणि पोटरीला चकत्या चिकटवलेल्या असत, त्यांतून स्नायूतली वीज तारांमधून कॉम्प्युटरवर येई आणि एका स्पीकरमधून ऐकूही येई. स्नायू कामाला लागला की तडतड, थांबला की शांत. काकूंना तो आवाज पहिल्याच दिवशी आवडला. "फोडणी पडली," त्या म्हणाल्या, आणि मग रोज कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून फोडण्या ऐकायला लागल्या.

विद्यापीठाच्या सायकल क्लबची मुलं माझ्याकडे यायची. त्यांतला काईल सगळ्यात दणकट. काकूंनी त्याच्या पोटऱ्या पाहिल्या आणि पहिल्यांदाच अमेरिकेविषयी दोन बरे शब्द काढले. पण हा पोरगा सकाळपासून काही न खाता आलाय, हे कळल्यावर त्यांना राहवेना. मी तारा लावत असताना त्यांनी पिशवीतून डिंकाचे लाडू काढले. काईलनं नम्रपणे एक घेतला, मग आवडला म्हणून आणखी तीन. दीडशेच्या ठेक्याच्या चौथ्या सेकंदाला तो यंत्रावरून उतरला आणि कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून बसला. लिंडानं त्याच दिवशी दारावर पाटी लावली, की लॅबमध्ये खाद्यपदार्थ आणू नयेत. काकूंना त्या पाटीचा अर्थ सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की सुईच्या आधी पोरांना गूळ दिला तर ती कधी ओकली नाहीत. काईल मात्र पुढच्या वेळी आला तो थेट त्यांच्यापाशीच, आणि चाचणी संपल्यावर पार्किंगमध्ये उभं राहून त्यानं दोन लाडू खाल्ले.

असं सगळं मजेत चाललेलं दिसत होतं, पण माझी झोप उडाली होती. मार्चअखेर मला समितीपुढे पहिले निष्कर्ष मांडायचे होते. ते धड नसले तर माझी असिस्टंटशिप पुढे चालू राहणार नव्हती, म्हणजे बॅगा भरून नागपूरला परत. आणि निष्कर्ष धड नव्हते. साठच्या आणि नव्वदच्या ठेक्याला सगळं छान यायचं: पाय खाली दाबताना तडतड, वर येताना शांतता. पण ठेका वाढवला की पाय वर यायला लागल्यावरही मांडीचा स्नायू तडतडतच राहायचा. माझ्या हिशेबानं तिथे शांतता पाहिजे होती. मी तारा बदलल्या, चकत्या बदलल्या, कातडी स्पिरिटनं घासून घासून काईलच्या मांडीला पुरळ आणलं. काही फरक नाही.

लिंडाला मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. आम्ही तिकडून आलेली मुलं गाईडकडे कधी अडचण घेऊन जायचो नाही. उत्तर सापडलं की मगच अडचण सांगायची, असं आमच्या अंगात मुरलेलं. कॉलेजात प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं तर आम्ही उत्तरावरून उलटा हिशेब करून रीडिंग बसवत असू. इथेही माझा हात आपोआप तिकडेच वळला. पाय वर येतानाचा तो तडतडणारा तुकडा म्हणजे यंत्राचा गोंगाट, असं मी ठरवून टाकलं आणि कॉम्प्युटरवर एकेक फाईल उघडून तो कापायला लागले. लिंडाला साफसूफ केलेले आलेख दाखवत होते. ती चष्मा वर करून ते बराच वेळ बघायची आणि म्हणायची, फारच स्वच्छ आहेत. मला ती शाबासकी वाटायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि लॅबमध्ये काकू आणि मी दोघीच होतो. काकूंनी विचारलं, की मघापासून कापतेस काय. थकलेली होते म्हणून की काय, मी सगळं सांगून टाकलं. आवाज, तारा, मार्च, नागपूर. मग काकूंनी मला ताप लपवणाऱ्या आयांची गोष्ट सांगितली.

लस टोचली की रात्री पोराला ताप यायचा. नर्सबाई चिडतील, किंवा आपलंच काही चुकलं असेल, या भीतीनं आया ताप लपवायच्या. पुढच्या महिन्यात विचारलं तर म्हणायच्या, छे, काही नाही, खेळत होतं. काकू त्यांच्यावर ओरडायच्या त्या तापावरून नव्हे, लपवण्यावरून. "अगं, ताप आला म्हंजे लस लागली. मी सुई टोचली त्याचं ते उत्तर होतं. आणि ह्या बाया तेवढंच लपवायच्या."

मी म्हटलं, काकू, ते वेगळं, हा यंत्राचा गोंगाट आहे. त्यावर काकूंनी जे विचारलं, ते मला चार महिन्यांत सुचलं नव्हतं. यंत्राचा गोंगाट असता तर तो सावकाश ठेक्यालाही आला असता, तेव्हा यंत्र काय सुट्टीवर जातं का? काकू उठल्या. स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला, बघता बघता साडीचा कासोटा मारला आणि मला म्हणाल्या, "लाव तुझ्या टिकल्या."

नियम मला पाठ होता. अठरा ते पस्तीस वयाचे, डॉक्टरांचं पत्र आणलेले, संमतीपत्रावर सही केलेले. काकू यातल्या कशातच बसत नव्हत्या. मी नाही म्हणायला हवं होतं, आणि आजही मी माझ्या विद्यार्थ्यांना असं काही करू देणार नाही. पण काकू तोवर सीटवर बसून घंटी कुठे आहे ते शोधत होत्या.

साठच्या ठेक्याला तडतड, शांत, तडतड, शांत. नव्वदला तसंच. एकशे दहालाही काकूंचा पाय वर येताना गप्प व्हायचा. माझा स्वतःचा त्या ठेक्याला व्हायचा नाही, मी करून पाहिलं होतं. दीडशेला हात लावायचं मला धैर्य झालं नाही, मी एकशे तीस लावला. सहा सेकंद. काकूंचा अंबाडा सुटला, बांगड्या हँडलवर वाजायला लागल्या, आणि स्पीकरमधून एकसलग तडतड आली, काईलची यायची तशीच, फक्त बारीक आवाजात. मोटर थांबल्यावर काकू हाश्शहुश्श करत हसायला लागल्या. "माझापण सोडंना आता," त्या म्हणाल्या. "पोरी, पाय वर यायला लागलाय, पण मांडीला अजून खबर नाही. ती खालीच दाबतीय. हे मशीन बिघडलेलं नाही गं."

तेवढ्यात दार उघडून लिंडा आत आली.

तिनं काय पाहिलं असेल ते मी अनेकदा मनाशी रंगवलंय. तिच्या आयुष्यभराच्या कमाईचं ते यंत्र, त्यावर कासोटा घातलेली एक आजी, मांडीपासून पोटरीपर्यंत तारा, आणि शेजारी तोंडाचा आ वासून मी. लिंडानं माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, की हे काय चाललंय. मी घाईघाईनं काकूंच्या तारा सोडायला लागले. मग काकूच बोलल्या. गेल्या चार महिन्यांत ईशाकडून जमवलेलं सगळं इंग्रजी त्यांनी एका वाक्यात लावलं.

"मॅडम, शी हायडिंग फीवर."

लिंडानं पुढे येऊन माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तिनं काकूंकडे बघितलं, काकूंनी मान हलवून कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं आणि मला म्हणाल्या, "आता नीट सांग तिला." भाषांतर करायचं तर कबुली द्यावी लागणार होती. मी लसीपासून सुरुवात केली, आयांपर्यंत आले आणि मग रडत रडत तारा, चकत्या, कात्री, सगळं सांगितलं. न कापलेल्या फायली माझ्याकडे होत्या, एवढंच एक शहाणपण मी केलं होतं.

लिंडा त्या फायली तासभर बघत बसली. स्नायूला चालू व्हायला जसा वेळ लागतो तसा बंद व्हायलाही लागतो. ठेका वाढला की तेवढा वेळच उरत नाही, आणि खाली दाबणारा पाय वर येतानाही दाबतच राहतो, म्हणजे एका पायाची ताकद दुसऱ्याला अडवण्यात जाते. हे पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. माझ्या समोर ते रोज तडतडत होतं तेव्हा मात्र मला ओळखू आलं नाही. लिंडा म्हणाली, हे बघायलाच आपण यंत्र बांधलं होतं, आणि तू नेमकं तेच कापून मला उरलेलं दाखवत होतीस. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. स्वच्छ आलेख बघून तिला संशय आला होता, आणि मी कधी सांगते याची ती वाट बघत होती.

मग तिनं नियमाप्रमाणे काकूंच्या सहा सेकंदांची फाईल स्वतःच्या हातानं पुसून टाकली, घडल्या प्रकाराची वरिष्ठांना लेखी खबर दिली, आणि मला दोन आठवडे यंत्राजवळ जायला बंदी घातली. पण प्रिंटरमधून आलेली एकशे तीसच्या ठेक्याची कागदाची पट्टी तिनं काकूंच्या हातात दिली. म्हणाली, पाय त्यांचा आहे, कागद त्यांचा. काकूंनी ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली.

त्या दोन आठवड्यांत मी कापलेलं सगळं परत जोडलं. मार्चअखेर समितीपुढे उभी राहिले तेव्हा पहिलाच आलेख तडतडणारा दाखवला. असिस्टंटशिप टिकली. एप्रिलमध्ये काकू परत गेल्या. अविनाशदादानं त्यांना कायमचं राहायला परोपरीनं विनवलं, अगदी सायकलीचं कुलूप काढून नवीन हेल्मेटही आणून दिलं. काकूंनी ते हेल्मेट घालून कॉलनीला एक फेरी मारली आणि म्हणाल्या, की छान आहे, पण ह्यात डोक्याला वारं लागत नाही. विमानतळावर दादा त्यांचा हात सोडेना. काकू त्याला म्हणाल्या, "अवी, आता सोड. तुझा पाय खालीच दाबतोय." दादाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर महिन्यातून एकदा त्यांचा फोन यायचा. हॅलोऐवजी त्या विचारायच्या, "ताप?" मी जे अडलेलं असेल ते सांगायचे. त्यांना त्यातलं अर्धंही समजत नसे, पण त्या "मग मॅडमला सांगितलंस का?" एवढं विचारून फोन ठेवायच्या. माझा प्रबंध त्या प्रश्नावर पुरा झाला.

२००८ च्या पावसाळ्यानंतर काकू गेल्या. दुपारी जरा पडते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत. अविनाशदादा कराडहून परत आला तेव्हा मी जर्सी सिटीला राहत होते. तो मुद्दाम तिथे आला आणि मला एक घडी घातलेला कागद दिला. आईच्या ट्रंकेत लसीकरणाच्या जुन्या वह्यांमध्ये होता, तुझं नाव आहे म्हणून आणला, म्हणाला. ती पट्टी मी लगेच ओळखली. गावात त्या ती सगळ्यांना दाखवत, अमेरिकेत माझ्या पायाचा फोटो काढला म्हणून, असं दादानं सांगितलं.

मी ती उलटी केली. मागच्या बाजूला काकूंनी फूटपट्टीनं रेघा मारून लसीकरणाच्या नोंदवहीसारखे रकाने पाडले होते आणि त्यांत सरकारी अक्षरात भरलं होतं. नाव, प्रज्ञा. वय, पंचवीस. गाव, वेस्ट विंडसर. डोस, पहिला. ताप, आला होता. शेरा, आईनं नव्हे, पोरीनंच लपवला. आता बरी आहे. शेवटचा रकाना पुढच्या डोसच्या तारखेचा होता. तिथे त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, मी परत गेल्यावर, फोननं.

दादा चहा घेऊन गेला. मी तो कागद आता माझ्या स्वतःच्या लॅबमध्ये टेबलाच्या वर लावलाय. नवीन विद्यार्थी सोमवारी आले की मी पहिल्यांदा विचारते, ताप आहे का. बिचारे गोंधळून आपल्या कपाळाला हात लावतात, आणि मग मी त्यांना खुर्चीत बसवून विचारते, की सांगा, काय लपवलंय.